प्लेगाच्या गोष्टींतील लहान पात्र

जुन्या काळच्या मोठ्या सांथींची हकीकत चित्रांतून सांगणारीं पुस्तकें अलीकडे मुलांकरितां निघूं लागलीं आहेत. मुंबईच्या प्लेगावर असें पुस्तक करण्याचें कोणी मनांत आणिलें, तर चित्रकारास एक अडचण पडेल. ह्या कथेचें मुख्य पात्र तांदळाच्या दाण्याहूनहि लहान आहे.

ता. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं मांडवींतील एका रोग्यास तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं हा प्लेग होय असें ओळखिलें. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती, आणि धान्य तेथें उंदीर, हें कणगी बाळगणाऱ्या गडबच्या मुलांस सांगावयास नको. येर्सिन यानें १८९४ सालीं हांगकांग येथें ह्या रोगाचा जंतु शोधिला होता. पण तो मनुष्याच्या अंगांत शिरतो कोणत्या वाटेनें, हें कोणास ठाऊक नव्हतें.

म्हणून उपाय झाले ते अंधारांत. गटारें धुतलीं, घरांत कार्बोलिक शिंपडलें, रोग्यांस बळानें इस्पितळांत नेलें. मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती पळाली. त्या काळीं मुंबईहून धरमतरास आगबोट येत असे. पळणाऱ्याच्या बोचक्यांत पिसू असेल, अशी शंका कोणास यावी? पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरें झडलीं, आणि त्या संतापांतून २२ जून १८९७ रोजीं रँड यांच्यावर गोळी सुटली. त्याच वर्षीं मार्चांत, प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले तेथें वारल्या. माझ्या मतें पुस्तकाचें एक पान केवळ त्यांचें असावें.

हाफकिन यांनीं मुंबईंत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. लसीनें पुष्कळांचे प्राण वांचले. वाट मात्र सांपडली नाहीं. ती १८९८ सालीं कराचींत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरास दिसली. रोगी उंदीर मेला, अंग थंड पडलें, कीं त्यावरील पिसवा त्यास सोडून दुसरें ऊन अंग शोधितात! हें सांगणें विद्वानांस प्रथम हास्यास्पद वाटलें.

पुढें १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत कसून परीक्षा झाली. प्लेगाच्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे टांगिले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यांतील प्राणी मेले. पिसूची उडी पोंचणार नाहीं इतक्या उंचीवरचे जगले. १९१४ सालीं आणखी उलगडा झाला: जंतु वाढून पिसूच्या पोटाचें तोंड बुजतें, ती भुकेनें पुनःपुन्हां चावते, आणि गिळतां न आलेलें रक्त जंतूंसह जखमेंत परत ओतते.