राजकीय पदस्थ, बँकेचे खाते आणि आपले तालुके

बँकेत किंवा डीमॅटसाठी खाते उघडताना अर्जात एक चौकोन येतो : 'आपण पीईपी आहात काय? पीईपीचे नातेवाईक आहात काय?' आपल्यापैकी बहुतेक जण 'नाही' या शब्दावर खूण करून पुढचे पान उलटतात. शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्यांत या चौकोनाला किती महत्त्व असायला हवे, आणि प्रत्यक्षात ते किती आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पीईपी म्हणजे 'पोलिटिकली एक्सपोज्ड पर्सन'. मराठीत त्यासाठी रूढ शब्द नाही. मी येथे 'राजकीय पदस्थ' असे म्हणतो. पदस्थ असणे हा गुन्हा नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. ज्याच्या सहीने ठेका मिळतो, जमीन बिगरशेती होते, कर्ज मंजूर होते, त्याच्याकडे लाचेचा पैसा येण्याचा संभव चारचौघांपेक्षा अधिक असतो. म्हणून त्याच्या खात्यावर बँकेने अधिक लक्ष ठेवावे, इतकाच या संकल्पनेचा अर्थ आहे. खाते उघडण्यास वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी, पैसा कोठून आला याची विचारणा आणि पुढील व्यवहारांवर सतत नजर, अशी ती तिहेरी काळजी आहे.

ही कल्पना आफ्रिकेतल्या एका प्रकरणाने जगभर गाजली. नायजेरियाचा लष्करी हुकूमशहा सानी अबाचा १९९८ साली मरण पावला, तेव्हा त्याच्या कुटुंबीयांनी देशाचा अफाट पैसा युरोपातील बँकांत ठेवल्याचे उघडकीस आले. स्वित्झर्लंडने पुढे सुमारे ७० कोटी डॉलर नायजेरियाला परत केले. मोठ्या नावाच्या बँकांनी हा पैसा स्वीकारताना कोणी काही विचारले नव्हते. १९८९ साली पॅरिसच्या परिषदेत स्थापन झालेली 'एफएटीएफ' ही संस्था अशा प्रश्नांवर देशोदेशींना शिफारशी करते. तिची बारावी शिफारस या पदस्थांविषयी आहे. आरंभी तिचा रोख परक्या देशांच्या पदस्थांवर होता. २०१२ साली स्वदेशी पदस्थांचाही त्यात समावेश झाला.

भारतात मनी लाँडरिंगविरोधी कायदा २००२ चा. तो १ जुलै २००५ पासून अमलात आला. दहा लाखांवरील रोखीचे व्यवहार आणि रक्कम कितीही असो, संशयास्पद वाटणारे व्यवहार बँकांनी दिल्लीच्या 'फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट'ला कळवावे लागतात. मात्र ७ मार्च २०२३ रोजी या कायद्याच्या नियमांत राजकीय पदस्थाची जी व्याख्या घालण्यात आली, तिच्यात 'परक्या देशाने' सोपविलेले सार्वजनिक पद असे शब्द आहेत. त्या व्याख्येप्रमाणे नेपाळचा मंत्री पुण्यातील बँकेत आला तर तो पदस्थ; आणि आपला आमदार त्याच बँकेत आला तर तो साधा खातेदार! तोच आमदार लंडनला खाते उघडायला गेला तर मात्र तेथील बँक त्याला पदस्थ मानते. एफएटीएफने सप्टेंबर २०२४ मध्ये भारताचा मूल्यमापन अहवाल प्रसिद्ध केला. चाळीसपैकी सदतीस शिफारशींत भारताची कामगिरी समाधानकारक ठरली. ज्या तिनांत ती अपुरी ठरली, त्यांतली एक नेमकी ही बारावी.

आता आपल्या भागाकडे वळू. घोड आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर येथे ऊस आहे, उसामागे साखर कारखाने आणि गुऱ्हाळे आहेत, रांजणगावला औद्योगिक वसाहत आहे, आणि दोन्ही तालुक्यांतून पुण्याकडे जाणारे हमरस्ते असल्यामुळे जमिनीचे भाव वाढते आहेत. गावची विकास सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, कारखाना आणि बाजार समिती ही साखळी शेतकऱ्याच्या सगळ्या पैशाची वाट आहे. ग्रामीण महाराष्ट्रात या साखळीतल्या दोन-तीन संस्थांवर एकच माणूस, किंवा एकाच घरातली माणसे निवडून आल्याचे आपण पाहतो. सहकाराचे हे बळही आहे. ओळखीच्या माणसाकडून कर्ज लवकर मिळते. पण कर्ज घेणारा, देणारा आणि हिशेब तपासणारा एकाच पंगतीत बसले, तर 'हा पैसा कोठून आला?' असे विचारायचे कोणी?

परदेशी व्याख्या येथे आणखी एका जागी अपुरी पडते. तिच्यात राष्ट्रप्रमुख, ज्येष्ठ राजकारणी, न्यायाधीश, सेनाधिकारी आणि सरकारी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी आहेत. सहकारी कारखान्याचा चेअरमन त्यात कोठे बसतो? कारखाना सरकारी नाही, सभासदांचा आहे. परंतु त्याच्या भांडवलात शासनाचा वाटा असतो, त्याच्या कर्जाला अनेकदा शासनाची हमी असते. माझ्या मते तालुक्यात चेअरमनचे पद हे एखाद्या उपमंत्र्याइतके वजनाचे आहे. उलट मध्यम व कनिष्ठ पातळीवरील पदाधिकाऱ्यांना यात ओढू नये असेही एफएटीएफ सांगते, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक सरपंचाला बँकेत चौकशीला उभे केले तर चांगली माणसे निवडणुकीला उभी राहणार नाहीत.

नात्यागोत्याचा प्रश्न तर त्याहून अवघड. नियम कुटुंबीय आणि निकटवर्ती यांचाही विचार करतो. पण आपल्याकडे निकटवर्ती म्हणजे किती? पुतण्या, व्याही, मेहुणा, विश्वासू कार्यकर्ता, गाडीचा चालकसुद्धा. जमीन एकाच्या नावावर, ताबा दुसऱ्याचा, हे गावात सर्वांना ठाऊक असते. बँकेच्या कागदावर मात्र ते कधी येत नाही. त्यातच शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. ही सवलत कष्टकरी शेतकऱ्यासाठी आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु वीस लाख रुपये कांद्याचे की ठेक्यातल्या टक्केवारीचे, हे खात्यातील आकड्यावरून सांगता येत नाही. बाजार समितीची हिशेबपट्टी मागितली तरच ते कळते.

प्रश्न वेळेवर विचारले नाहीत म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे आपल्याच जिल्ह्यात आहेत. पुण्याच्या शिवाजीराव भोसले सहकारी बँकेचे एक संचालक विधान परिषदेचे तत्कालीन सदस्य होते. बँकेत सुमारे ७१ कोटी ७८ लाखांचा अपहार झाल्याच्या आरोपावरून फेब्रुवारी २०२० मध्ये पुणे पोलिसांनी त्यांना अटक केली. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे खरे. पण रिझर्व्ह बँकेने ३१ मे २०२१ रोजी बँकेचा परवाना रद्द केला, आणि त्याआधी दोन वर्षे ठेवीदार स्वतःच्या पैशासाठी अडून होते.

दुसरे उदाहरण नोटाबंदीचे. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना पाचशे-हजारच्या जुन्या नोटा घेण्यास मनाई केली. या बँकांतून राजकारण्यांचा काळा पैसा पांढरा होईल, ही शंका तेव्हा उघड बोलली जात होती. शहरातल्या मोठ्या बँका नोटा घेत राहिल्या आणि ऐन रब्बीच्या पेरणीत सोसायटीच्या सभासदांची वाट बंद झाली. संशय मूठभर पदस्थांवर होता. त्याची झळ मात्र ज्यांच्याकडे दोन एकर आहे त्यांना बसली. पदस्थ वेगळे ओळखण्याची सोय असती, तर सर्वांना एका काठीने हाकावे लागले नसते, असे मला वाटते.

सुधारणा अगदीच झाल्या नाहीत असे नाही. जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने खासदार, आमदार आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांना नागरी सहकारी बँकांचे व्यवस्थापकीय संचालक होण्यास बंदी केली. संचालक मंडळावर बसण्याची वाट मात्र त्याने बंद झाली नाही. उमेदवारांच्या मालमत्तेची शपथपत्रे तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांपासून सर्वांना खुली आहेत. २०१८ साली न्यायालयाने उमेदवार, पती किंवा पत्नी व आश्रित यांच्या उत्पन्नाचे मार्गही जाहीर करण्यास सांगितले. तेव्हा स्वदेशी पदस्थ शोधण्यासाठी बँकेला गुप्तहेर नेमायला नकोत. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरील शपथपत्र आणि खात्याचा उतारा शेजारी शेजारी ठेवायचे एवढेच काम आहे. ते करणारा कारकून मात्र ज्या संचालकाच्या शिफारशीने नोकरीला लागला, त्याचेच खाते पुढ्यात आले तर तो काय करील, हे कोणत्याच परिपत्रकात लिहिलेले नाही. ठेवीला विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाले. रस्त्यात जमीन गेलेल्या शेतकऱ्याची मोबदल्याची ठेव पुष्कळदा त्याहून मोठी असते.