वीतिहरण : पाऊल आणि अडथळा

आचार्य बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ रचला. त्यात एका पावलाचे सहा भाग केले आहेत : उद्धरण, अतिहरण, वीतिहरण, वोसज्जन, सन्निक्खेपन आणि सन्निरुंभन. पाऊल उचलणे, पुढे नेणे, बाजूस सरकविणे, खाली सोडणे, भूमीवर टेकविणे आणि दुसरे पाऊल उचलता यावे म्हणून ते दाबून धरणे, असा त्यांचा क्रमाने अर्थ. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत प्रसिद्ध झाली.

यांतील तिसरा भाग विचार करण्याजोगा आहे. खुंट, काटा, साप असे काही दिसताच पाऊल इकडे वा तिकडे नेणे म्हणजे वीतिहरण. अडथळा टाळणे हे चालण्यातील विघ्न नव्हे, ते चालण्याचेच एक अंग आहे, अशी ही मांडणी आहे.

चालताना भिक्षूची दृष्टी ‘युगमात्र’, म्हणजे जुवाएवढ्या अंतरावर असावी, असा दंडक आहे. अट्ठकथा हे अंतर चार हात मानतात. म्हणजे सुमारे १.८ मीटर, अडीच पावले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे अफ्ताब पटला आणि त्यांच्या सहकारी संशोधक जोन विकर्स यांनी १९९७ साली चालणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. अडथळा ओलांडत असताना माणूस त्याच्याकडे पाहत नाही. आधीच्या पावलांतच तो पाहून घेतो, असे त्यांना आढळले. यावरून प्राचीनांना सारे विज्ञान ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह टाळावा. दोघांनीही चालणारा माणूस नीट पाहिला, इतकेच.

सपाट जमिनीवर पायाची बोटे भूमीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतात. म्हणूनच उचकटलेली एखादी फरशीही पुरते. अडथळा दिसला की आपण पाऊल बरेच उंच उचलतो. पण मागचे पाऊल ओलांडते तेव्हा अडथळा दृष्टीच्या मागे गेलेला असतो. ते केवळ स्मरणावर चालते, आणि अडखळते तेही बहुधा तेच.

वृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न गंभीर होतो, कारण मांडीचे हाड मोडले की पुष्कळांचे हिंडणेफिरणे कायमचे थांबते. पडण्याचा धोका असलेल्या वृद्धांची नजर पाऊल टेकण्यापूर्वीच पुढच्या अडथळ्याकडे वळते, त्यामुळे हातचे पाऊल चुकते. दुहेरी भिंगांच्या चष्म्यातून खाली पाहिले असता जमीन अंधूक दिसते. उंबरठा ओलांडणाऱ्या आजीला त्याच क्षणी हाक मारू नये.

जातक-अट्ठकथेच्या निदानकथेत चंक्रमणभूमीचे पाच दोष सांगितले आहेत : कठीण व उंचसखल असणे, मध्ये झाड असणे, झुडपांनी झाकलेली असणे, अतिशय अरुंद असणे आणि अतिशय विस्तीर्ण असणे. पालकांनी यांतील पहिले चार दोष घरातील वृद्धांच्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेला एकदा लावून पाहावेत, तेही रात्री, दिवा मालवल्यानंतर.