माहितीचा कोठावळा

पुण्याच्या आरक्षण खिडकीपाशी एक प्रवासी उभा आहे. त्याच क्षणी नागपुरास दुसरा प्रवासी त्याच गाडीची जागा मागत आहे. जागा एकच उरली आहे. तरी ती दोघांस दिली जात नाही. कारण दोन्ही खिडक्यांवरील संगणक एकाच नोंदवहीत पाहतात, आणि ती नोंदवही एक जागा एकाच्याच नावे लिहू देते. संगणकातील अशा प्रचंड नोंदवहीस डेटाबेस म्हणतात.

शाळेच्या हजेरीपटात आडव्या ओळी व उभे रकाने असतात. सर्व प्रकारची माहिती अशाच तक्त्यांत मांडावी, ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञांनी १९७० साली प्रसिद्ध केली. ते तेव्हा कॅलिफोर्नियात आयबीएम या कंपनीत काम करीत असत. आजही पुष्कळ बँका व कचेऱ्या याच पद्धतीने माहिती साठवतात.

धान्याच्या कोठारास जसा कोठावळा, तसा डेटाबेसला प्रशासक असतो. कोणास कोणती माहिती पाहू द्यावी, हे तो सांभाळतो. साठवणीची जागा पुरेल की नाही, हे तो आधी पाहतो. उत्तर मिळण्यास विलंब लागू लागला, तर त्याचे कारण शोधतो. लोकांची गैरसोय होऊ नये म्हणून त्याची कित्येक कामे रात्री चालतात. परंतु माहितीची दुसरी प्रत सुरक्षित ठेवणे, हे त्याचे सर्वांत मोठे कर्तव्य होय.

गिटलॅब या कंपनीकडे जगभरचे संगणक-अभियंते आपले काम ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एक अभियंता दमूनभागून एक बिघाड दुरुस्त करीत होता. दुय्यम संगणकावरील माहिती पुसण्याची आज्ञा त्याने चुकून मुख्य संगणकास दिली. एकदोन सेकंदांतच चूक उमगून त्याने ती थांबविली. पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी केवळ ४.५ गिगाबाइट माहिती उरली होती!

आता आधार प्रतींचा. पण रोजच्या प्रती निघतच नव्हत्या, आणि तशी सूचना देणारी पत्रेही कोणास पोहोचत नव्हती. सुदैवाने त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी एक प्रत काढली होती. तिच्या आधारे दुसऱ्या दिवशी काम पूर्ववत सुरू झाले. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

कंपनीने काहीही लपविले नाही. दुरुस्तीचे काम तिने साऱ्या जगास दाखविले. सारा दोष एका माणसावर न ढकलता तिने प्रती तपासण्याची व्यवस्था सुधारली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे इतर प्रशासकांनीही जाणले.

गिटलॅबचा डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीवर चालत असे. तिचा आरंभ १९८६ मध्ये बर्कले येथील विद्यापीठात झाला. व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीप्रमाणे ती प्रत्येक बदल क्रमाने लिहून ठेवते. जुनी प्रत आणि ही रोजकीर्द हाती असेल, तर चुकीच्या आदल्या क्षणापर्यंत परत जाता येते. २०२४ साली तिच्या सतराव्या आवृत्तीत एक नवी सोय आली: एकदा पूर्ण प्रत काढली की पुढे फक्त बदललेल्या भागांचीच प्रत घेता येते. त्यामुळे वेळ व जागा वाचते.

साधने अशी दिवसेंदिवस सुधारत आहेत. तथापि प्रत खरोखर निघाली का, आणि तिच्यातून माहिती परत मिळते का, हे अधूनमधून पडताळून पाहावेच लागते. जो कोठावळा कुलूप लावून निजतो, त्यापेक्षा जो कुलूप ओढून पाहतो, त्याचे कोठार अधिक सुरक्षित राहते.

शब्दार्थ
कोठावळा – कोठाराची व्यवस्था पाहणारा
रोजकीर्द – दररोजच्या व्यवहारांची वही
पूर्ववत – पहिल्यासारखे

प्रश्न
१. डेटाबेस प्रशासकास कोणकोणती कामे करावी लागतात?
२. रोजच्या प्रती निघत नाहीत, हे आधी का कळले नाही?
३. कंपनीने आपली चूक लपविली असती, तर इतरांचे कोणते नुकसान झाले असते?