जायबंदी राखणदार

बालाघाटच्या डोंगररांगेने बीड जिल्ह्याचे दोन भाग पडले आहेत. वरचा तो घाट आणि गोदावरीकडील सखल प्रदेश ती गंगथडी. घाटावरच्या माळरानांत मेंढपाळांचे कळप चरतात आणि कळपाबरोबर कुत्रा हा असायचाच. दिवसभर तो मेंढरांभोवती फेऱ्या घालतो. रात्री लांडग्याची चाहूल लागताच सर्वांच्या आधी उठतो. बसून राहणे त्याला ठाऊकच नसते.

समजा, अशा एका कुत्र्याचा पुढचा पाय मोटारसायकलीखाली सापडून मोडला. दवाखान्यात पशुवैद्यांनी हाड सरळ बसवून पायावर प्लास्टर चढविले. (हाडाचे तुकडे झाले असल्यास शस्त्रक्रिया लागते. शेजारच्या परभणीस १९७२ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.) पहिले दोन-तीन दिवस कुत्रा निपचित पडून राहतो. पुढे सूज उतरते, वेदना कमी होते, आणि खरी कसोटी तेव्हाच सुरू होते.

मोडलेल्या हाडाच्या टोकांभोवती प्रथम रक्त साखळते. मग तेथे कूर्चेची मऊ गाठ तयार होते आणि हळूहळू तिच्यात चुन्याचे क्षार साठून ती कठीण बनते. मोठ्या कुत्र्यात या कामास साधारणपणे सहा ते बारा आठवडे लागतात; पिलाचे हाड त्याहून लवकर सांधते. वेदना मात्र त्याच्या पुष्कळ आधी ओसरते. दुखत नाही म्हणजे पाय बरा झाला, एवढेच कुत्रा जाणतो. एका उडीने ती कोवळी गाठ पुन्हा तुटू शकते.

घरच्या माणसांना दया येते, म्हणून ती त्याला लांब दोरीने दाराशी बांधतात. ही दया घातक होय. पहाटे वाड्याचे फाटक उघडते, घंटा वाजू लागतात, मेंढरे निघतात. कुत्रा झेप घेतो आणि दोरी संपताच हिसका बसून आदळतो. दोरी आखूडच हवी, पट्टा गळ्याऐवजी छातीभोवती असावा, आणि जागा अशी असावी की कळप दिसू नये, पण घरच्यांचा आवाज कानी पडावा. अगदी एकटा पडलेला कुत्रा रडून रडून अधिकच धडपडतो. मेंढरे निघण्यापूर्वीच त्याला आत न्यावे. त्याच वेळी भाकरीचे लहान तुकडे जुन्या गोणपाटाच्या घड्यांत लपवून ते त्याच्यापुढे ठेवावे. नाकाने शोध घेणे हेही कुत्र्याला कामच असते. तेवढ्यात कळप टेकडीपलीकडे जातो.

धावणे बंद झाल्यावर पूर्वीइतके खाऊ घातल्यास वजन वाढून पायावर भार पडतो. माणसाची वेदनाशामक गोळी तर त्याला कधीच देऊ नये; तिच्यापैकी काही गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेततात. प्लास्टर ओले झाले, त्याला दुर्गंधी आली किंवा बोटे सुजली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

या सर्व कामात घरातील मुलांचा वाटा मोठा असतो. शाळेतून येताच हाका मारीत धावत गेल्यास कुत्रा उसळतो. दप्तर ठेवून, पाय धुऊन, त्याच्याजवळ मुकाट्याने बसावे आणि पाठीवरून सावकाश हात फिरवावा. थोड्याच वेळात तो मान जमिनीवर टेकतो.

पुढे क्ष-किरणांच्या चित्रात हाड सांधलेले दिसले, तरी दोरी लगेच सुटत नाही. पहिल्या दिवशी वाड्याच्या कुंपणापर्यंत, पुढच्या आठवड्यात ओढ्यापर्यंत, तेही चालतच. मेंढरे समोरून जातात. तो ताणतो, केकाटतो, आणि दोरी धरणारा मुलगा जागेवर उभा राहतो.