फुकट नाचलात, तर रेट कुणाचा पडतो?

व्हिडिओत बेली डान्सचं उदाहरण दिलं, तर बरेच जण हसले. पण धंदा तिथेही आहेच ना!

अमेरिकेत या नाचाला सरकारी लायसन्स लागत नाही. चार महिने शिकलेली मुलगी हौसेपोटी रेस्टॉरंटमध्ये फुकट नाचते. मग मालक पंधरा वर्षं मेहनत केलेल्या डान्सरशीही घासाघीस करतो. याला तिथे 'अंडरकटिंग' म्हणतात. म्हणून जुन्या डान्सर नव्या मुलींना चालू रेट आधीच सांगून ठेवतात.

सान फ्रान्सिस्कोत कॅरोलीना नेरिचिओ यांनी १९८७ मध्ये फॅटचान्स बेली डान्स सुरू केलं, पुढे शिकवणाऱ्यांसाठी सर्टिफिकेटही आणलं. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे ऑर्डर येतेच असं नाही हं. पण "एवढे पैसे कशाचे?" या प्रश्नाला उत्तर हातात असतं.

मीही पहिल्या वर्षी ओळख वाढावी म्हणून निम्म्या दरात माल विकला. शेजारचा दुकानदार सहा महिने माझ्याशी बोलला नाही.