टोरांटोच्या हिवाळ्यात आई-बाबांनी चालायचं कसं

मुलाकडे किंवा लेकीकडे हिवाळ्यात टोरांटोला निघालेल्या आई-बाबांच्या बॅगेत थर्मल, स्वेटर, कानटोपी, सगळं असतं. थंडीची तयारी उत्तम होते, घसरण्याचा विचार मात्र कुणी करत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर पुन्हा पहिल्यासारखं चालणं महिनोन्महिने होत नाही. म्हणून हे निघण्याआधीच वाचा.

आधी बर्फ ओळखायला शिका. नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ त्यातल्या त्यात बरा, त्यात पाऊल रुततं. धोका वाढतो तो नंतरच्या दिवसांत. दुपारी ऊन पडतं, कडेचे ढीग वितळून पाणी फुटपाथवर पसरतं आणि रात्री तेच गोठतं. हा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो की खालचं काळं डांबर जसंच्या तसं दिसतं. तिथे त्याला ब्लॅक आइस म्हणतात. सकाळी तापमान शून्याखाली असेल आणि फुटपाथ नुसता ओला वाटत असेल, तर तो गोठलेलाच आहे असं धरून चाला. सावलीतला कोपरा, छपराच्या पन्हळीचं पाणी पडतं ती जागा, पूल, इथे जास्तच जपा. उणे पंधराच्या कडक दिवसापेक्षा शून्याच्या आसपासचा दिवस अधिक घसरडा असतो, कारण बर्फावर पाण्याचा थर असतो. आणि पडता पडता गोठणारा पाऊस येणार असल्याचा इशारा असेल, तर त्या दिवशी फिरणं सोडून द्या.

बूट इथून नेऊ नका. आपल्या स्पोर्ट्स शूजचे तळवे थंडीत कडक होतात आणि पकड सुटते. तिथे जाऊन मऊ रबरी तळव्याचे, रुंद आणि बुटक्या टाचेचे बूट घ्या. टोरांटोतली ‘काइट’ ही संशोधन संस्था बर्फाच्या उतारावर माणसांना प्रत्यक्ष चालवून बूट तपासते आणि ‘रेट माय ट्रेड्स’ या नावाने गुण जाहीर करते. 7 अंशांच्या उतारावर टिकला तर बुटाला हिमकणाचं एक चिन्ह मिळतं. खरेदीआधी मुलांना ती यादी बघायला सांगा. बुटावर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टेही मिळतात. बर्फावर ते चांगलेच, पण दुकानात किंवा घरात शिरताना काढा, गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात.

साडी नेसायची तर ती घोट्याच्या वर राहील अशी. निऱ्यांचा काठ बर्फात भिजतो, गोठून ताठ होतो आणि बुटात अडकतो.

चालताना, पावसाळ्यात शेवाळलेल्या घाटावर आपण जसे सावध होतो, तसंच व्हायचं. पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, टाच आधी न टेकवता पूर्ण तळवा एकदम ठेवा आणि अंगाचा भार पुढच्या पायावर घ्या. हात खिशात घालू नका, तोल त्यांच्यावरच सावरतो. म्हणून हातमोजे हवेतच आणि सामान पाठीवरच्या सॅकमध्ये. गाडीतून उतरताना दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, दार धरून उभे राहा. पायरी उतरताना कठडा सोडू नका.

दाराबाहेरच्या दोन मिनिटांच्या कामांना फार जपा. कचऱ्याचा डबा ठेवायला किंवा पत्रं बघायला माणूस सपाता घालूनच जातो. तेवढ्यासाठीही बूट घाला. पायरीवर मीठ टाकलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. उणे दहाच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, तेव्हा वाळू पसरायला सांगा.

पाय सुटलाच तर हात टेकवून पडणं थांबवायला जाऊ नका, मनगट मोडतं. अंग सैल सोडा, हनुवटी छातीकडे घ्या आणि कुशीवर, मांडीच्या मांसल भागावर पडा. लगेच उठू नका. कुठे दुखतंय ते बघा, मग कुशीवर वळून गुडघ्या-हातांवर या, एक पाऊल दोन हातांच्या मध्ये घ्या आणि सावकाश उभे राहा. खुबा दुखत असेल, पायावर भार देववत नसेल, तर उठायचा हट्ट न धरता 911 ला फोन करायला सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला, तर काही होत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि गोळीचं नाव आधी सांगा.