चित्र नको, मांडणी घे

भाची : मावशी, मोबाइलमध्ये गोधड्यांचे फोटो नुसते साठलेत. एक पाहिला की दुसरा जास्त आवडतो. शिवायला बसायचंय, पण डिझाइनच ठरत नाही.

मावशी : ठरणार कसं? त्या फोटोतल्या बाईकडे जे कापड होतं, ते तुझ्याकडे आहे का? आधी गाठोडं सोड आणि सगळं फरशीवर पसर. हे तुझ्या आजीचं लुगडं. उजेडासमोर धर. कुठे विरलंय?

भाची : बसायच्या जागी पार जाळी झालीय, गुडघ्यांपाशीही. काठ मात्र शाबूत आहेत.

मावशी : काठ टिकतातच, पदरही बराचसा टिकतो. म्हणजे विरलेलं आतल्या थरात जाणार आणि काठ कडेला येणार. अर्धी मांडणी इथेच झाली. जुन्या गोधड्यांना चहूबाजूंनी गडद पट्टी दिसते ना, ती काही कुणी कागदावर आखली नव्हती. गोधडी आधी कडेला झिजते, म्हणून तिथे घरातलं सगळ्यांत मजबूत कापड लावायचं.

भाची : मग माझ्या निवडीला काही उरतच नाही की!

मावशी : उरतं ना. आता डोळे किलकिले कर. रंग विसर, गडद कोणतं आणि फिकं कोणतं तेवढंच बघ. धोतर आणि तो फिका गुलाबी परकर एका ढिगात. हिरवं लुगडं आणि आजोबांचा लाल पटका दुसऱ्या ढिगात. एखादा रंग विजोड झाला तर खपून जातो. गडद-फिक्याचा हिशेब चुकला, तर अख्खी गोधडी मळकी दिसते, नवी असली तरी.

भाची : आणि नक्षी? जळगावहून आम्ही अजिंठ्याला गेलो होतो, तेव्हा एक कमळ वहीत उतरवून आणलंय. ते मधोमध शिवू?

मावशी : पाच-सहा थरांतून सुई काढायची, तीही धावदोऱ्याने. पाकळीच्या टोकाशी वळलीस की कापड गोळा होईल. जाड गोधडीत दोरा सरळ जातो, फार तर हलकासा वळतो. ते कमळ रुमालावर भर. मला सांग, तिथे मान वर करून पाहिलंस का? दोन नंबरच्या लेण्याचं छत?

भाची : एकात एक वर्तुळं होती.

मावशी : आणि ती चौकोनात बसवलेली. वर्तुळ चौकोनात बसवलं की चार कोपरे उरतात. चित्रकारांनी ते रिकामेही सोडले नाहीत आणि मधलंच पुढे ताणलंही नाही; तिथे वेगळ्या आकृत्या घातल्या. पहिल्या लेण्यात तर सगळं छत लहानमोठ्या चौकटींत वाटलंय. कुठे फुलं, कुठे फळं, हत्ती, बैल. पाचव्या शतकातलं काम, पण वर रंगीत चांदवा ताणलाय असं वाटतं. एवढी गर्दी असून नजर भांबावत नाही, कारण चौकटींच्या मध्ये पट्ट्या आहेत. तेवढं उचल. छापील साड्यांचे तुकडे एकमेकांना खेटून लावू नकोस, मध्ये धोतराची साधी पट्टी दे. अजिंठ्याहून कमळ सगळेच आणतात.

भाची : म्हणजे चित्र नको, मांडणी घे.

मावशी : हो, आणि त्यासाठी दर वेळी लेण्यांत जायला नको. साक्रीकडे पांझरेकाठी फड पाहिलेस?

भाची : ऐकलंय. बंधाऱ्याच्या पाण्यावरची शेती ना?

मावशी : हो, तीन-चारशे वर्षांपासूनची रीत सांगतात. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले. तो एकेक भाग म्हणजे फड. एका फडात प्रत्येकाची पट्टी वेगळी, पण पीक सगळ्यांचं एक. इकडे ऊस, तर पलीकडच्या फडात गहू. पाणी सोडायला पाटकरी. पुढच्या वर्षी पिकं फिरतात. गावकऱ्यांनी हे पाण्यासाठी केलं. पण उंचावरून बघ, चार मोठे ठोकळे, प्रत्येकाचा रंग वेगळा आणि आत बारीक पट्ट्या.

भाची : गोधडीत कसं आणायचं ते?

मावशी : चार भाग कर. प्रत्येक भागात एकाच जातीचं कापड, पण पट्ट्या-पट्ट्यांनी जोडलेलं. मग टाका. पहिल्या भागात उभा, शेजारी आडवा, तिसऱ्यात पुन्हा उभा. दिशा बदलली की एकाच पांढऱ्या कापडावर सुद्धा उजेड वेगळा पडतो. लोक रंगांमागे धावतात, टाक्याच्या दिशेकडे कुणी बघत नाही. दुसरी गोधडी घेशील तेव्हा मांडणी तीच ठेव, रंग एकेक घर पुढे सरकव. फडातल्या पिकांसारखे.

भाची : आणि ज्यांच्याकडे जोडायला एवढे रंग नाहीत त्यांनी? अख्खी गोधडी एकाच पांढऱ्या धोतराची असेल तर?

मावशी : त्यांनी रावेर-यावलला जावं. केळीचं पान कधी नीट पाहिलंयस? मधे जाड दांडा, दोन्ही बाजूंना शिरा, एकमेकींना समांतर. वारा सुटला की पान त्या शिरांवरूनच फाटतं आणि झालर होते. गोधडीच्या मधोमध एक जाड दुहेरी ओळ घाल, तिच्यापासून दोन्हीकडे तिरप्या ओळी काढ, बोटभर अंतरावर. पानाचा आकार काढायची गरजच नाही. अट एकच, ओळींमधलं अंतर ढळता कामा नये. पट्टी नको, आपलं बोटच टेकवायचं.

भाची : मग आपल्या धुळ्याच्या गल्ल्याही चालतील! गल्ली नंबर चार, पाच, सहा… सगळ्या सरळ, एकीला एक समांतर.

मावशी : आत्ता कशी बघायला लागलीस! कॅप्टन ब्रिग्जने एकोणिसाव्या शतकात आखून घेतलेल्या गल्ल्या त्या. पण नुसत्या सरळ रेघा शिवल्यास तर ती चटई होईल. एखादी गल्ली रुंद कर, एखादीत गडद रंग घाल.

भाची : त्या फोटोंमध्ये अमेरिकेतल्या काही गोधड्या अगदी अशाच आहेत. वाकड्या पट्ट्या, जुन्या जीन्सचे तुकडे.

मावशी : गीज बेंडच्या असतील. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावरचं गाव, शिवणाऱ्या कृष्णवर्णीय बायका. शेतात वापरून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या, अंथरायला-पांघरायला केलेल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. त्यांचा एक आवडता नमुना चौकोनात चौकोन, हाउसटॉप म्हणतात त्याला. आपल्याकडच्या कित्येक बायकाही कडेपासून टाका घालत घालत मध्यावर येतात, तोच आकार होतो. कुणी कुणाचं पाहिलं नव्हतं. कडेकडेने शिवत गेलं की थर सरकत नाहीत.

भाची : कोपऱ्यावर वळताना दोरा तोडायचा?

मावशी : नाही. कोपऱ्यात सुई खाली ठेव, गोधडी फिरव, पुढे चल. दोरा हातभरच घे. लांब घेतलास तर गुंततो. आणि अंगुस्तान घाल, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुई धरवणार नाही.

भाची : ही चमकदार साडी मधल्या चौकोनात घेऊ? रंग मस्त आहे.

मावशी : पॉलिस्टर आहे ती. सुईखाली निसटते, आणि उन्हाळ्यात गच्चीवर तिच्यावर पाठ टेकवून बघ म्हणजे कळेल. तिची पिशवी शिव. आणि तो पटका आधी दोन-तीन पाणी धू. रंग सोडत असेल, तर धोतरापासून चार हात लांब.